मॅडम, याले समजावा

पहाटे 5.30

फोन वाजला तेव्हा बाहेर काळोख होता. दहावीतल्या एका मुलाची आई बोलत होती. "मॅडम, पोरगं रातभर वावरात व्हतं. आता आलं अन् चादर घेऊन पडलं. आज सराव पेपर हाय म्हने. उठवू का झोपू देऊ?"

"झोपू द्या," मी म्हटलं. "साडेनवाले उठवा, जेवू घाला अन् पाठवा. पेपरचं मी पाहते."

वीस वर्षांपूर्वी मी याच बाईला दहावीच्या वर्षाचं महत्त्व ऐकवलं असतं आणि पोराला उठवायला लावलं असतं.

मी गणिताची शिक्षिका. शाळेत मला समुपदेशक मॅडमही म्हणतात, पण तसं पद आमच्या संचमान्यतेत नाही. अनुदानित मराठी शाळेत मुख्याध्यापक, शिक्षक, लिपिक यांची पदं ठरतात. मुलाचं ऐकून घेणाऱ्या माणसाचं पद त्या तक्त्यात नाही. माझ्याकडे गणिताच्या तासिका पूर्ण आहेत. हे दुसरं काम मधल्या सुट्टीत, ऑफ तासाला, किंवा असं पहाटे चहाच्या आधणाशेजारी उभं राहून चालतं.

सकाळी 7.15

मी कुऱ्ह्याला राहते, शाळा कौंडण्यपुरात. जानेवारी संपत आलाय. वावरांत तुरीच्या गंज्या लागल्यात, काही ठिकाणी फरदडीचा कापूस अजून उभा आहे. वेचणीला निघालेल्या बायांचे ऑटो समोरून येतात. त्यांत शाळेच्या वयाचा एखादा चेहरा आहे का, हे पाहायची मला सवय लागली आहे. आज एक दिसला. नववीतली मुलगी, डोक्याला रुमाल बांधलेला. मला पाहून तिने मान खाली घातली. मी गाडी थांबवली नाही. चार बायांसमोर हटकलेली मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही, हे मी चुका करून शिकले आहे.

कौंडण्यपूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला रुक्मिणी आठवते. हे तिचं माहेर. वर्धा नदीच्या काठावर विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळ, अंबेचं देऊळ, पूल ओलांडला की आर्वीचा रस्ता. इथून पंढरपूरला जाणारी रुक्मिणीची पालखी 1594 पासूनची सांगतात. कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दहीहंडीला गावात पाय ठेवायला जागा नसते. यात्रेच्या त्या दिवसांत शाळेचा पट अर्धा होतो, कारण आमची मुलं प्रसाद-फुलांच्या दुकानांवर बसलेली असतात. तेही मी हजेरीपटावर वेगळ्या शाईने लिहून ठेवते. गैरहजेरी सगळी सारखी नसते.

सकाळी 8.15

दहावीचा जादा वर्ग. बोर्डाची परीक्षा महिन्याभरावर आली. आज वर्गसमीकरणं. एकोणतीसपैकी एकवीस हजर.

सकाळी 10.30

राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, परिपाठ. सोमवार, म्हणजे सहावीपासून पुढच्या मुलांना लोहाची निळी गोळी. "उपाशी कोण आलं?" हे आधी विचारायचं, हात वर करणाऱ्यांची गोळी जेवणानंतर द्यायची. हात वर करणाऱ्यांची नावं मी मनात टिपते. ज्याचा हात सलग तीन सोमवार वर असतो, त्याच्या घरी काहीतरी चालू असतं.

मग पेटी. तक्रारपेटी आता प्रत्येक शाळेत असते. आमची लाकडी आहे, मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वळणावर, जिथे कॅमेरा नाही आणि ऑफिसमधून दिसत नाही. आधी ती मुख्याध्यापकांच्या दाराशी होती आणि वर्षभर रिकामीच राहिली. जागा बदलली आणि दुसऱ्या आठवड्यापासून चिठ्ठ्या पडू लागल्या. पेटी लावली त्या दिवशी आठवीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "मॅडम, रुक्मिणीनं चिठ्ठी लेहली तं देव रथ घेऊन आला. आमच्या चिठ्ठीवर कोन येते?" ज्या गावात भावाने ठरवलेलं लग्न नाकारून मुलीने पत्र लिहिल्याची कथा कीर्तनात दरवर्षी सांगतात, तिथलीच मुलगी हे विचारणार. मी तिला उत्तर दिलं नाही. पेटी दर सोमवारी मी स्वतः उघडते, एवढंच तेव्हापासून पाळत आले.

आज तीन चिठ्ठ्या. एकीत नळाला पाणी नसल्याची तक्रार. दुसरीत कोणीतरी कोणाला काय म्हणालं त्याचं वर्णन, त्याखाली दोन मुलांची नावं. तिसरी वहीच्या चौकटीच्या पानावर, पेन्सिलीने:

"ताईचं लगन करून रायले. ताई रडते. माहं नाव सांगू नका."

अक्षर मी ओळखलं. सहावीतली आहे, माझ्याच वर्गात. हिची ताई नववीत. सकाळी ऑटोत मान खाली घालणारी तीच.

सकाळी 11.20

सराव पेपर सुरू झाला. पहाटेच्या फोनवाला मुलगा वेळेत आला, केस ओले, डोळे सुजलेले. त्याला खिडकीजवळ बसवलं.

याच मुलाविषयी नोव्हेंबरात मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं, "मॅडम, याले समजावा. वर्गात झोपते." मी त्याला बोलावलं. पहिल्या दोन भेटींत तो काही बोलला नाही. तिसऱ्या भेटीत मी बोलायचं थांबवलं आणि त्याच्यासमोर बसून वह्या तपासत राहिले. पंधरा मिनिटांनी तो म्हणाला, "मॅडम, लाइन रातची हाय."

एवढंच वाक्य. शेतीपंपाची वीज इथे आळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की हरभऱ्याचं ओलीत रात्री करायचं. वडील असते तर त्यांनी केलं असतं. वडील तीन वर्षांपूर्वी गेले, त्याच वावरात. अमरावती विभागात 2001 पासून शेतकरी आत्महत्यांची नोंद ठेवली जाते, आणि प्रत्येक नोंदीपुढे शेवटी एक शब्द येतो: पात्र किंवा अपात्र. पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, त्यातले सत्तर हजार ठेवीत. याच्या वडिलांचं प्रकरण अपात्र ठरलं. तेरा वर्षांच्या मुलाने आईसोबत तहसीलमध्ये जाऊन हा शब्द ऐकला होता. तो मला म्हणाला, "म्हणजे माहा बाप खोटा मेला काय?"

यावर काय समजावणार? मी त्या दिवशी काही समजावलं नाही. नंतर जे केलं त्याला फार तर खटपट म्हणता येईल. बालसंगोपन योजनेचा अर्ज भरला, महिन्याला 2,250 रुपयांचा, त्यासाठी त्याच्या आईसोबत दोनदा अमरावतीला गेले. त्याच्या काकांशी बोलून रात्रीच्या ओलिताच्या पाळ्या वाटून घेतल्या, आठवड्यात दोनच रात्री याच्या वाट्याला. वर्गशिक्षकांना सांगितलं, त्या दोन रात्रींनंतर पहिल्या तासाला त्याला उठवू नका. आशाताईंना कळवलं, कारण आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांसाठी 2015 पासून आरोग्य विभागाचा प्रेरणा प्रकल्प आहे आणि घरोघरी जाऊन कोण खचलंय हे पाहणं त्यात आशांकडे असतं. या घरात खचलेली त्याची आई होती. तिला झोप लागत नव्हती, तिचे उपचार जिल्हा रुग्णालयात सुरू झाले. लोक त्याला अजून इर्विनच म्हणतात. गावाहून तिथे जाऊन यायचं तर तिची एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून तारखा मी वेचणी पाहून मागून घेते.

तो आता वर्गात झोपत नाही असं नाही. पण सरावाच्या मागच्या पेपरात त्याला गणितात एकवीस मिळाले होते. आधी नऊ होते.

दुपारी 12.40

ऑफ तास. खोलीतलं कपाट उघडलं. ही खोली खरं म्हणजे क्रीडासाहित्याची, एका कोपऱ्यात माझं टेबल. जुन्या कागदांत माझाच एक रंगीत तक्ता सापडला: ‘दहावीनंतर काय?’ शाखा, डिप्लोमा, आयटीआय, बाणांनी जोडलेले.

मी या कामात आले ते करिअर मास्तर म्हणून. शिक्षकांना व्यवसाय मार्गदर्शनाचं प्रशिक्षण देत, तेव्हाचा हा शब्द. परंपरा जुनी आहे. मुंबईत 1941 मध्येच बाटलीबॉय मार्गदर्शन केंद्र निघालं होतं, 1952-53 च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शन असावं असं सांगितलं, कोठारी आयोगाने 1964-66 मध्ये ते प्राथमिक शाळेपासून हवं म्हटलं. पण गावापर्यंत पोचलं ते एवढंच: वर्षातून एकदा तक्ता लावायचा, दहावीच्या मुलांना सभागृहात बसवायचं आणि तासभर बोलायचं. बोलणारी मी, ऐकणारी ती. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

2016 मध्ये दहावीच्या मुलांची कलमापन चाचणी सुरू झाली. संगणकावर प्रश्न, आणि सात क्षेत्रांपैकी कल कुठे त्याचा छापील अहवाल: कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा. एका मुलीचा कल आला ललित कला. तिचे वडील अहवाल घेऊन माझ्याकडे आले. "हे कॉलेज कुठी हाय? एस्टी जाते काय?" प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्या तक्त्यावर त्याचं उत्तर नव्हतं. बाण होते, एस्टी नव्हती. त्या वर्षीपासून मी तक्त्याऐवजी बसचं वेळापत्रक लावते. कुठल्या गावात कुठली शाखा, सकाळची गाडी किती वाजता, परतीची शेवटची गाडी कधी. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एस्टीचा पास फुकट आहे, ही ओळ त्यावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत.

याच कपाटात एक वही आहे, ती मी कोणाला दाखवत नाही. 2006 सालची. तेव्हा मी दुसऱ्या एका शाळेत होते. सातवीतल्या एका मुलीने मला तिच्या नातेवाइकाबद्दल काही सांगितलं. मी घाबरले. तिला म्हटलं, "मी कोणाला सांगणार नाही," आणि त्याच संध्याकाळी वरिष्ठांना सांगितलं. त्यांनी चांगल्या हेतूने घरच्यांना बोलावलं. बोलावल्यावर आले ते तोच नातेवाईक आणि तिचे वडील. मुलगी पुन्हा शाळेत दिसली नाही. तिचं नाव वहीत आहे, पुढचं पान कोरं आहे. 2012 मध्ये पॉक्सो कायदा आला. त्याच्या कलम 19 ने असं काही कळलं तर पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकाचं कर्तव्य केलं, आणि न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा ठेवली. आता कोणतंही मूल माझ्यासमोर बसलं की मी आधी सांगते: तू जे सांगशील ते माझ्याजवळ राहील, पण तुला किंवा कोणाला धोका असेल तर मला ते योग्य माणसाला सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी मी तुला विचारीन की पुढे काय होईल असं तुला वाटतं. काही मुलं हे ऐकून उठून जातात. बहुतेक परत येतात.

दुपारी 1.45

मधली सुट्टी. आठवीपर्यंतच्या मुलांची खिचडी, बाकीच्यांचे डबे. उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा वास सगळ्या व्हरांड्यात.

सहावीतल्या धाकटीला मी बोलावलं नाही. तिला खोलीत जाताना कोणी पाहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत घरी कळलं असतं. घरात मुली दोनच, त्यामुळे चिठ्ठी कोणी लिहिली हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मी पाण्याच्या टाकीपाशी ताटं धुणाऱ्या पोरींत जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "नळाची चिठ्ठी मिळाली बरं का. सगळ्याच चिठ्ठ्या मिळाल्या." तिने वर पाहिलं, परत ताट घासू लागली.

मग वर्गशिक्षिकेकडून नववीचा हजेरीपट घेतला. थोरली डिसेंबरपासून अकरा दिवस गैरहजर. बरं झालं. अकरा दिवसांची गैरहजेरी हे घरी जायला पुरेसं सरकारी कारण आहे. चिठ्ठीचं नाव काढायची गरजच नाही.

दुपारी 2.30

दहावीचा एकत्र तास. याला मी परीक्षेच्या ताणाचा तास म्हणत नाही, ‘विचारा’चा तास म्हणते. नाव न घालता कागदावर प्रश्न लिहायचे, मी मोठ्याने वाचायचे. आजचे काही:

पेपरात काहीच आठवलं नाही तर?

शेवटची दहा मिनिटं जास्त मिळतात हे खरं का? (खरं. 2023 पासून ती पेपरच्या शेवटी मिळतात.)

मी नापास झालो तर बाबा म्हणतात मोठ्या भावासारखं पुण्याला कंपनीत लावून देतो. मला जायचं आहे. म्हणून नापास होऊ का?

शेवटचा प्रश्न वाचल्यावर वर्ग हसला. मी थांबले. हसू ओसरल्यावर म्हटलं, ज्याने विचारलं त्याने विचार केलाय. कंपनीत दहावी पास आणि आयटीआय झालेल्याला काय काम मिळतं आणि दहावी नापासाला काय, हे त्याच मोठ्या भावाला फोन लावून विचारू या. शुक्रवारी, सगळ्यांसमोर, स्पीकरवर. ऐकू द्या त्यालाच.

एका मुलाने हात वर केला, खिडकीजवळच्या. "मॅडम, आता गुणपत्रिकेवर नापास लेहत नाई म्हनते. काय लेहते?"

"कौशल्य विकासास पात्र," मी म्हटलं. तो शब्द तोंडातून गेला आणि मग मला कळलं मी कोणाला काय सांगते आहे. त्याने वहीत काहीतरी खरडलं. तास संपल्यावर मी त्याला थांबवलं. म्हटलं, कागदावरचे शब्द कागदाचे असतात, तुझ्या बाबांबद्दल ते काही सांगत नाहीत. तो म्हणाला, "मालूम हाय मॅडम. तुमी मागंच सांगलं." आणि बॅट घेऊन मैदानात गेला. मला आठवत नव्हतं मी कधी सांगितलं ते.

दुपारी 3.40

एक वडील आठवीतल्या मुलाला हाताला धरून घेऊन आले. "मॅडम, याले समजावा. रातचे दोन वाजेपर्यंत मोबाइलवर गेम खेलते."

"मोबाइल कोणाचा?"

"माहा."

"तुम्ही झोपता तेव्हा तो कुठे असतो?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग तिघं मिळून ठरवलं: नऊ वाजता मोबाइल आजीच्या पेटीत, किल्ली आजीकडे. पुढच्या सोमवारी दोघांनी येऊन सांगायचं. असे पाच आले की त्यातले दोनच पुन्हा येतात. तरी तारीख लिहून ठेवते.

दुपारी 4.20

मुख्याध्यापकांच्या खोलीत नववीच्या मुलीचा विषय. त्यांना मी चिठ्ठी दाखवली नाही, मजकूर सांगितला. सरांचं पहिलं म्हणणं, "आपण शिक्षक. लोकांच्या घरच्या सोयरिकीत पडायचं?" त्यांना दोष देत नाही. गावात राहायचं आहे, शाळेला देणगी त्याच लोकांकडून मागायची आहे. पण 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात मुलीचं वय 18 आहे, ही पंधराची आहे, आणि अशा लग्नासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे, लग्न लावणाऱ्यालाही. खेड्यात प्रतिबंध अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. हुद्द्याचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं, गाव मात्र ग्रामसेवकच म्हणतं. शाळेत सखी सावित्री समिती आहे, 2022 च्या शासन निर्णयाने झालेली. अंगणवाडी सेविका तिच्यात आहेत, पोलीस पाटील आहेत. वर्षभरात तिची सभा कागदावर झाली असेल, पण माणसं तर खरी आहेत. मी सरांना म्हटलं, सोयरिकीत मी एकटी पडत नाही, समिती पडते.

सरांनी ग्रामसेवकांना फोन लावला. ठरलं असं: आज मी आणि अंगणवाडीताई गैरहजेरीच्या नावाने घरी जायचं. घरच्यांनी ऐकलं तर उद्या ग्रामपंचायतीत हमीपत्र. नाही ऐकलं तर 1098 आणि नोटीस, आजच रात्री.

यात समुपदेशन किती आणि धावपळ किती, हा प्रश्न मला तरुण सहकारी विचारतात. त्यांच्या पुस्तकात समुपदेशक खोलीत बसतो आणि मूल त्याच्याकडे येतं. इथे मूल सकाळी कापूस वेचायला जातं.

संध्याकाळी 6.45

गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना संपेपर्यंत थांबलो. तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी आमच्याच तालुक्यात, त्यामुळे संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी कोणाच्या दारी जाऊ नये, हा इथला रिवाज. मुलीचे वडील प्रार्थनेहूनच आले. टोपी काढून खुंटीला अडकवली, आम्हाला खुर्च्या दिल्या, स्वतः ओट्यावर बसले.

मी हजेरीपट काढला. अकरा दिवस. ते म्हणाले, "वेचनीले मानसं भेटत नाई मॅडम. तिची माय एकटी किती वेचन?"

"वेचणी दोन आठवड्यांत संपेल. मग येईल ना शाळेत?"

उत्तर नाही. आतून आजी बोलली, "आता कायची शाळा बाई. चांगलं स्थळ आलं. आर्वीकडचं हाय. तुमीच समजावा तिले, रडून रायली दोन दिवसापासून."

म्हणजे चिठ्ठीशिवायच गोष्ट उघड्यावर आली. अंगणवाडीताईंनी माझ्याकडे पाहिलं. धाकटी चुलीजवळ अभ्यासाची वही घेऊन बसली होती, तिने मान वर केली नाही.

मी वडिलांना विचारलं, "काका, एवढी घाई कशाची?" कायदा आधी सांगितला नाही. कायदा आधी सांगितला की माणूस वकिलासारखा बोलायला लागतो. ते बराच वेळ बोलले. शाळा दहावीपर्यंत, पुढे बाहेरगावी जायचं. वावरात दोघं नवरा-बायको दिवसभर, मुलगी घरी एकटी. गेल्या महिन्यात कोण्या पोराने तिचा फोटो काढून गावात फिरवला. "आज फोटो फिरवला, उद्या काय करन? इज्जतीनं घरी जाईल तं बरं."

फोटो. सकाळच्या दुसऱ्या चिठ्ठीतली दोन नावं मला आठवली.

यानंतर मी कायदा सांगितला, वय सांगितलं, शिक्षा सांगितली, सरळ. आणि हेही सांगितलं की फोटो फिरवणाऱ्याला शिक्षा करायला दुसरा कायदा आहे, आणि त्यासाठी तुमच्या पोरीने शाळा सोडायची नाही, त्या पोराने उत्तर द्यायचं. उद्या त्याचे आई-वडील शाळेत येतील. दहावीनंतर कुऱ्ह्यात तिची मावशी आहे हे अंगणवाडीताईंना माहीत होतं. एस्टीचा पास फुकट आहे हे वडिलांना माहीत नव्हतं. ते म्हणाले, "साखरपुडा नाई झाला अजून. नुसतं बोलनं झालं." मी म्हटलं, मग मोडायला सोपं आहे.

शेवटी मी मुलीशी बोलू का विचारलं. दारामागे, दोघीच. तिला म्हटलं, तुला काय हवं? ती पुष्कळ वेळ गप्प होती. मला वाटलं शाळा म्हणेल. ती म्हणाली, "तो फोटो पुसून टाका."

उद्या सकाळी दहाला ग्रामपंचायत. हमीपत्रावर मी विसंबून राहणार नाही. परीक्षा होईपर्यंत दर आठवड्याला तिची हजेरी आणि पंधरा दिवसांनी एक फेरी, हे मी अंगणवाडीताईंच्या वहीतही लिहून घेतलं, म्हणजे मी आजारी पडले तरी चालेल.

रात्री 9.10

भाकरी, वांग्याचं भरीत. मग नोंदवही. आज सहा नोंदी.

अमरावतीच्या एका मानसोपचारतज्ज्ञ मैत्रिणीला आठवड्यातून एकदा फोन करते, सोमवारीच. नावं न सांगता केसेस सांगते, ती ऐकते, चुकलं ते सांगते. आज ती म्हणाली, फोटोचं तू आधी विचारायला हवं होतंस, लग्न नंतर. तिचं बरोबर आहे. ही सोय मला ओळखीने मिळाली, शाळेने दिलेली नाही. रात्री फार झालं की 14416 वर टेली-मानसला कोणीही फोन करू शकतो, शिक्षकसुद्धा. मी दोनदा केलाय.

25 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावं, आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं. आमच्या शाळेचा पट तीनशेच्या आसपास आहे. माझ्या निवृत्तीला चार वर्षं उरली. माझ्यानंतर गणिताची शिक्षिका येईल, कारण ते पद मंजूर आहे. सोमवारी पेटी कोण उघडेल ते ठरलेलं नाही.

तुमच्या गावच्या शाळेतही अशी पेटी भिंतीला लावलेली असेल. पुढच्या पालकसभेत उठून एवढं विचारा: ती कुठे लावली आहे, कोण उघडतं, आणि चिठ्ठी निघाली तर त्या मुलाच्या घरी कोण जातं. उत्तर मिळालं नाही तर समुपदेशकाच्या पदाचा ठराव त्याच सभेत मांडा.